आईला फोन जाता कामा नये

२५ सप्टेंबर, गुरुवार

नम्रता हो म्हणाली! शनिवार-रविवार मुलं माझ्याकडे. राहायला! आत्तापर्यंत शनिवारी सकाळी न्यायची आणि दिवेलागणीच्या आत खडकीला परत पोचवायची, असा नियम होता. लायब्ररीचं पुस्तकसुद्धा याहून जास्त वेळ घरी ठेवू देतात. हे मी तिला बोलून दाखवलं नाही. मी आता पूर्वीसारखा राहिलेलो नाही.

ती म्हणाली, हे दोन दिवस नीट पार पडले तर दिवाळीच्या सुट्टीत मुलांना तुझ्याकडे ठेवायचा विचार करू. विचार करू म्हणजे हो. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं तर कळतंच.

नोंदीसाठी: नम्रता मार्चपासून मुलांना घेऊन माहेरी राहते, कारण तिथून मुलांना शाळा जवळ पडते. शाळा तिकडे गेल्यावर बदलली, हा भाग वेगळा.

पुढचं सगळं सरळ आहे. दिवाळीत मुलं इथे. मुलं इथे म्हटल्यावर नम्रता फराळाचे डबे घेऊन येणार. पाडव्याला नवरा समोर बसलेला असताना ओवाळल्याशिवाय परत कशी जाईल? आणि ओवाळल्यावर लगेच उठून कोणी जात नाही. जेवायला थांबतंच.

काळजीचं कारण नाही. मी खराडीला प्रॉडक्शन सपोर्टचा लीड आहे. परदेशातल्या बँकांची सिस्टीम पडली की आम्ही उभी करतो. तक्रार आली की तिकीट उघडायचं, आपल्या पातळीवर मिटवायचं, तिकीट बंद करायचं. वरच्या साहेबापर्यंत गेली तर एस्कलेशन. माझ्या टीमचं वर्षभरात एकही एस्कलेशन नाही. त्याबद्दल मिळालेलं काचेचं स्मृतिचिन्ह टीव्हीशेजारी आहे. जो माणूस बँका सांभाळतो त्याला आठ वर्षांची सृष्टी आणि पाच वर्षांचा शुभंकर म्हणजे काय?

२६ सप्टेंबर, शुक्रवार

तयारी. फर्स्ट एड बॉक्स आणला. जखमेवरचा स्प्रे, कापूस, ओआरएस, कार्टूनच्या बँडेज पट्ट्या. कपाळासमोर धरायचा पिस्तुलासारखा थर्मामीटरही घेतला. मेडिकलवाल्याने विचारलं, घरात कोणाला काय झालंय? अजून काही झालेलं नाही, म्हटलं. तो म्हणाला, मग होईल.

घरी येऊन पिस्तूल तपासलं. माझा ताप नॉर्मल. फ्रिजचाही नॉर्मल. भिंतीचाही तोच आकडा. मशीन स्थिर आहे.

खिचडीसाठी साबुदाणा भिजत घातला. नवरात्र आहे. आमच्या आईला, अकोल्याला, सांगता येईल की तुझा मुलगा एकटा राहूनही उपास करतो.

रविवारी मुलांना कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात न्यायचं. साप दाखवायचे. शुभंकर महिनाभर फोनवर सापांचंच बोलतोय.

२७ सप्टेंबर, शनिवार. सकाळ

खडकीहून मुलं घेतली. नम्रताने पिशवी दिली. खोकल्याचं औषध, टोपी, शुभंकरचं ते कोपरा चघळलेलं पांघरूण. म्हणाली, काही झालं तर फोन कर. काही झालं नाही तरी कर. मी म्हणालो, गरजच पडणार नाही. तिने शुभंकरची कॉलर नीट केली. कॉलर नीटच होती.

गाडीत मुलांची किक-ऑफ मीटिंग घेतली. पद्धत समजावली. लेव्हल वन म्हणजे आपण स्वतः. लागलं, खरचटलं, की फुंकर मारायची आणि पुढे जायचं. लेव्हल टू म्हणजे बाबा. लेव्हल थ्री म्हणजे आई. तिथपर्यंत काहीही पोचता कामा नये. आईला एकही फोन गेला नाही तर दिवाळी कात्रजला, बाबाच्या घरी. शुभंकरने विचारलं, किल्ला करायचा? करायचा, म्हटलं. मोठ्ठा.

सृष्टीने विचारलं, किती लागलं की बाबाला सांगायचं आणि किती लागलं की स्वतःच फुंकर मारायची? अतिशय नेमका प्रश्न! माझ्या टीममध्ये इंजिनीअर झालेल्यांनी आजवर विचारलेला नाही. मी सांगितलं, रक्त आलं तर मला सांगायचं. रक्त नाही, तर तिकीट नाही. शुभंकरला ते फार आवडलं. संगमपूल ओलांडेपर्यंत तो तेच म्हणत होता.

अकराच्या सुमारास

पहिलं तिकीट. म्हणजे तिकीट नाहीच. शुभंकरचं बोट बाथरूमच्या दारात आलं. तोंड उघडलं, आता भोकाड पसरणार, तेवढ्यात सृष्टीने त्याचं बोट उलटसुलट करून पाहिलं आणि रक्त नाही म्हणाली. त्याने तोंड मिटलं. डोळ्यांत पाणी, आणि बोटावर फुंकर. मग माझ्याकडे पाहिलं. मी अंगठा दाखवला. त्यानेही दाखवला. तोच दुखरा.

याला म्हणतात प्रोसेस. नम्रताकडे असता तर अर्धा तास मांडीवर बसला असता.

साडेअकरा

सृष्टीचा गुडघा. खाली सोसायटीच्या पार्किंगमध्ये पळताना पडली. रक्त आलं, म्हणून ती स्वतः वर येऊन रिपोर्ट करून गेली. शिस्त! स्प्रे मारला. झोंबतो का विचारलं. नाही म्हणाली, आणि माझा दंड इतका घट्ट धरला की नखं उमटली. बँडेजच्या पट्ट्या जरा जास्तच लावल्या असाव्यात, कारण पाय वाकेना. नंतर दोन सोडवल्या. तिकीट बंद.

दुपार

शुभंकरने नाकात साबुदाणा घातला.

का, ते कळलं नाही. मी खिचडीला फोडणी देत होतो. तो शेजारी उभा राहून वाटीतला साबुदाणा मोजतोय असं मला वाटत होतं. रक्त नसल्यामुळे त्याने आधी सांगितलंच नाही. श्वास घेताना शिट्टी वाजायला लागली तेव्हा कळलं.

कोपऱ्यावरच्या बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. वयस्कर गृहस्थ. बघून म्हणाले, साबुदाणा उपासाचा का? हो, म्हटलं. मग चालेल, म्हणाले. केसपेपरसाठी वजन विचारलं. मी बिनधास्त सांगितलं. सृष्टी हळूच म्हणाली, बाबा, नाही, त्याहून जास्त. डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं. सृष्टीचं बरोबर निघालं. आपण वडीलच ना, असं डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलेलं वजन मार्चमधलं होतं. मार्चमध्ये ते अगदी बरोबर होतं.

मग त्यांनी मलाच कामाला लावलं. शुभंकरची मोकळी नाकपुडी दाबून धरायची, त्याच्या तोंडाला तोंड लावायचं आणि एकदम जोरात फुंकायचं. आईची पप्पी म्हणतात याला, म्हणाले. आई आहे का बरोबर? नाही, म्हटलं. ते म्हणाले, मग काय, तुम्ही फुंका. फुंकलं. साबुदाणा सुटला तो माझ्या चष्म्यावर. शुभंकर इतका हसला, इतका हसला! परत परत करायला सांगत होता. त्याच्या तोंडाला दुधाचा वास येतो अजून. मी विसरलो होतो.

वडिलांची फुंकरही चालते, हे आज सिद्ध झालं. नम्रताला कळवावंसं फार वाटलं. पण फोन करायचा नाही. नियम मला पण लागू आहे.

दुपार, जेवणानंतर

आमच्या आईचा अकोल्याहून फोन. साबुदाण्याचं सांगितलं. म्हणाली, पोट्ट्याले दृष्ट लागली, काहून ऐकत नाहीस? मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळ अन् जाळ. मी विज्ञानवादी आहे. पण आईचं मन मोडायचं नाही म्हणून ओवाळल्या आणि गॅसवर टाकल्या. असा काही ठसका! तिघेही खोकून लाल. दृष्ट असली की ठसका लागत नाही, असं आई म्हणते. म्हणजे दृष्ट नव्हतीच. मग साबुदाणा नाकात का गेला, हा प्रश्न उरतो.

खालच्या मजल्यावरच्या सुगराबी चाची धावत वर आल्या. काय जळतंय विचारलं. सांगितल्यावर सगळ्या खिडक्या त्यांनीच उघडल्या आणि मुलांच्या डोळ्यांवर पाणी मारलं. म्हणाल्या, दत्ताभाऊ, काही लागलं तर आवाज द्या. संकोच करू नका. मी म्हणालो, सगळं कंट्रोलमध्ये आहे.

दुपारी उशिरा

ऑफिसचा कॉल आला. एका बँकेची सगळी पेमेंट्स अडकली होती. मी सुट्टीवर होतो, पण टीम माझ्याशिवाय गांगरते. मुलांना सांगितलं, बाबाचा छोटासा कॉल आहे, दार वाजवायचं नाही. बेडरूमचं दार लावलं, हेडफोन लावला. छोटासा म्हटला तरी वेळ लागलाच. पण प्रश्न मिटवला. वर कोणालाही फोन जाऊ दिला नाही.

बाहेर आलो तर घर चिडीचूप. दोघं सोफ्यावर एकमेकांना चिकटून बसलेले. कपाटातली नम्रताची जुनी ओढणी काढून सृष्टीने शुभंकरचा उजवा हात गळ्यात अडकवला होता. डॉक्टर-डॉक्टर! मला भरूनच आलं. स्क्रीन नाही, गोंगाट नाही. दुपारच्या दवाखान्याचा असा खेळ केला पोरांनी. मी पण खेळात शिरलो, पेशंटची तब्येत विचारली. शुभंकरने आधी ताईकडे पाहिलं. मग म्हणाला, बरी आहे.

सृष्टीने बर्फ मागितला. सरबताला का, विचारलं. हो म्हणाली. मी अख्खा ट्रे काढून दिला. आजच्या दिवशी कंजुषी नाही.

संध्याकाळ

सुगराबी चाची परत आल्या. त्यांच्या छतावर मघाशी धप्पकन आवाज आला, कोणी पडलं का, विचारत होत्या. मी कॉलवर होतो, मला काही माहीत नाही. सृष्टीनेच पुढे होऊन सांगितलं, उशी पडली. चाची म्हणाल्या, उशीचा एवढा आवाज? आणि पोरं इतकी गप्प कशी? माझ्या घरी पोरं गप्प बसली की मी आधी पलंगाखाली बघते. मी हसून म्हणालो, शिस्त लागली की होतं असं. त्या हसल्या नाहीत. स्वभावच काळजीखोर आहे त्यांचा.

आठ वाजता

जेवणं झाली. दोन निरीक्षणं.

एक, शुभंकर डाव्या हाताने जेवतो. हे मला कधी कोणी सांगितलंच नाही! डावखुरी मुलं हुशार असतात, असं मी वाचलंय. माझे एक काका डावखुरे होते, सर्व्हेअर झाले. घास सांडत होते, म्हणून नंतर सृष्टीने त्याला भरवलं. बहीण-भावाचं इतकं प्रेम मी तरी कुठे पाहिलेलं नाही.

दोन, सृष्टीने त्याला झोपताना पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घातला. एवढ्या उकाड्यात? तर म्हणाली, डास. पुढचा विचार करणारी आहे. माझ्यावर गेली आहे.

अंथरुणात तिने विचारलं, बाबा, रक्त आतल्या आत आलं तर ते धरायचं का? मी विचारलं, म्हणजे कसं? ती म्हणाली, म्हणजे निळं दिसलं तर. शाळेत काही सायन्सचं चाललं असणार. मी सांगितलं, नाही, बाहेर आलं तरच. ती बरं म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. तिच्यात जिज्ञासा आहे. जपायला हवी.

फोन गेलेले नाहीत. एकही नाही. नम्रताचा मेसेज आला होता, सगळं ठीक? मी लिहिलं, फर्स्ट क्लास.

पाडव्यासाठी तिला साडी घ्यावी का? का ते जरा घाईचं होईल?

२८ सप्टेंबर, रविवार. सकाळ

शुभंकरला साप बघायला यायचं नाही. महिनाभर साप साप करणारा मुलगा! म्हणाला, घरीच बसू. मी टीव्ही लावला, तर सोफ्याच्या कडेला तासन्‌तास बसून राहिला. नम्रताची कायम तक्रार असते की हा एक मिनिट एका जागी टिकत नाही. माझ्याकडे टिकतो. वातावरणाचा फरक आहे, दुसरं काही नाही.

अंग जरा कोमट लागलं. पिस्तूल लावलं. नॉर्मल.

मधेच येऊन मांडीवर बसला. डोकं माझ्या छातीला लावून बसला. मी त्याला विचारलं, दिवाळीत किल्ल्यावर शिवाजी महाराज कुठे बसवायचे? म्हणाला, वर. खूप वेळ तसाच बसला होता. माझा पाय बधिर झाला, पण मी हललो नाही. इतका चांगला रविवार मला या वर्षात मिळालेला नाही.

रविवार. खडकीहून आल्यावर

शुभंकरचा हात मोडलाय.

मोडला म्हणजे चीर. उजवा, मनगटाच्या जरा वर. प्लॅस्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे, मुलांची हाडं लवकर जुळतात. किरकोळ म्हणाले. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

खडकीला दार उघडलं की एरवी तो नम्रताच्या अंगावर उडी मारतो. आज उभाच राहिला. त्याने पायातली चप्पल काढायच्या आत तिने त्याची बाही वर केली. कोपरापर्यंत सुजलेलं, निळं-जांभळं. तिने सृष्टीला विचारलं, हे काय? सृष्टीने आधी माझ्याकडे पाहिलं. सांगू का, असं. मी काय खूण करणार? मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

शुभंकर तेव्हा रडायला लागला. आईला बघितल्यावर. कालपासूनचं सगळं. असं रडणं मी ऐकलेलं नव्हतं. रडता रडता आईला विचारत होता, आता दिवाळी गेली का? नम्रताला कळेना दिवाळीचं काय. मग सृष्टीने सांगितलं. सोफ्याच्या पाठीवर चालताना पडला. बाबा कॉलवर होता. दार वाजवायचं नव्हतं. रक्त आलं नव्हतं. तिने बर्फ लावला, ओढणी बांधली, आणि रात्री त्याचा हात आपल्या उशीवर ठेवून ती जागी राहिली. मग लेव्हल वन, टू, थ्री. सगळं पाठ होतं तिला. एक शब्द चुकला नाही.

नम्रता माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. मी उत्तरं तयार ठेवली होती. तिने फक्त रिक्षा बोलवायला सांगितली. माझी गाडी खाली उभी होती.

२९ सप्टेंबर, सोमवार

शांतपणे विचार केला. तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर आईला फोन गेला नाही. पण तो मुद्दा आत्ता मांडणं बरोबर दिसणार नाही.

ऑफिसात अशा वेळी आरसीए करतात, म्हणजे मूळ कारण शोधायचं आणि पुन्हा होऊ नये म्हणून उपाय लिहायचे. मी रीतसर केला. मूळ कारण: सोफ्याची पाठ अरुंद. उपाय: सोफा काढून गाद्या टाकणे. कॉलच्या वेळी दार उघडं ठेवणे. रक्ताचा नियम रद्द, सूज आणि निळेपणा यांचाही समावेश. नम्रताला मेल केला. टेबल वगैरे घालून.

संध्याकाळी तिचं उत्तर आलं. वाचलं, एवढंच.

वाचलं म्हणजे सकारात्मक आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सोनं द्यायला खडकीला गेलो. शुभंकरने डाव्या हाताने आपट्याचं पान दिलं. प्लॅस्टरवर त्याने नाग काढून घेतलाय. मजेत आहे. मला म्हणाला, बाबा, तुझी पण सही कर. केली. सृष्टी आजीच्या मागे उभी होती. पुढे आली, पान दिलं, पाया पडली, परत मागे गेली.

चहा घेताना नम्रता म्हणाली, दिवाळीला मुलं इथेच राहतील. अजिबात चिडून नाही. शेजारणीला सांगावं तसं. मी म्हणालो, हो, या दिवाळीला तेच बरं. पुढच्या दिवाळीबद्दल ती काही बोलली नाही. म्हणजे पुढची मोकळी आहे.

सोफा विकला. बदल्यात काही आणलेलं नाही. हॉल एकदम मोठा दिसतो. बोललं की आवाज घुमतो.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सृष्टीशी रोज संध्याकाळी फोनवर बोलायचं ठरवलं आणि पाळतोय. पूर्वी ती भांडणं सांगायची, कोणी डबा उलटा केला, कोणी चिमटा काढला. आता विचारलं की सगळं छान म्हणते. अभ्यास छान, मैत्रिणी छान, खाणं छान. एकदम समजूतदार झाली आहे. त्या प्रसंगाचा तिच्यावर काही परिणाम झालेला नाही, हे बघून हायसं वाटलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी नम्रताचा फोन. तिने आपणहून केलेला. मी दुसऱ्या रिंगलाच उचलला.

सृष्टीचा कान फुटलाय. काल रात्री उशीवर पू दिसला तेव्हा कळलं. बुधवारपासून दुखत होता. चार दिवस. शाळेत गेली, अभ्यास केला, जेवली, खेळली. रोज संध्याकाळी माझ्याशी फोनवर बोलली, सगळं छान म्हणाली. कोणाला काही सांगितलं नाही. आजीलाही नाही. डॉक्टरांनी नम्रताला विचारलं, इतकी ठणक लागली असणार, ही मुलगी बोलली कशी नाही?

नम्रता म्हणाली, ती मला काही सांगत नाही रे आता. शुभंकर सांगतो, तो लहान आहे, विसरला. ही विसरत नाही. मी जवळ घेते, विचारते, तर नाही दुखत म्हणते. तू येऊन सांग तिला. तुझं ऐकते ती.

मार्चनंतर पहिल्यांदा नम्रताने माझ्याकडे काही मागितलं. तिचा आवाज रडका होता. पाडवा, फराळ, साडी, काही म्हणजे काही डोक्यात आलं नाही. नुसती भीती वाटली.

गाडी चालवताना काय बोलायचं ते घोकत होतो. की बाळा, कुठेही दुखलं, जरासं जरी दुखलं, तरी सांगायचं. आईला सांगायचं, मला सांगायचं, आजीला, बाईंना, कोणालाही. रडायचं. जोरात रडायचं. की त्या दिवशी मी सांगितलं ते चूक होतं, मला कळत नाही ग यातलं काही.

ती पलंगावर बसली होती. कानात कापूस. गाल सुजलेला. मी शेजारी बसलो आणि ठरवलेलं सगळं बोललो. जवळजवळ सगळं. ती ऐकत होती, मान हलवत होती. शहाण्यासारखी. टीमला काही समजावलं की ते अशीच मान हलवतात.

मग मी विचारलं, आत्ता दुखतंय? नाही, म्हणाली. आत येतानाच नम्रताने मला सांगितलं होतं की नुकतेच ड्रॉप्स घातलेत आणि ते भयंकर झोंबतात, मोठी माणसंही कळवळतात. मी परत विचारलं. नाही बाबा, म्हणाली, आणि दाराकडे बघून घेतलं. नम्रता स्वयंपाकघरात होती. तेव्हा ती माझ्या कानाशी आली आणि अगदी हळू, आमच्या दोघांतलं असल्यासारखं म्हणाली, ड्रॉप्स घालताना मी अजिबात रडले नाही. आईला कळलंसुद्धा नाही.

मी म्हणालो, शाब्बास.

तोंडातून तेच आलं. एवढं घोकून गेलो होतो. लगेच म्हणालो, नाही, तसं नाही, ऐक. पण तोवर ती हसली होती. किती दिवसांनी हसली. सुजलेल्या गालाने तिला नीट हसताही येत नव्हतं, तरी हसली. मग माझ्या हातावरून हात फिरवत म्हणाली, तू नको काळजी करू, बाबा.

नम्रता चहा घेऊन आली. तिने विचारलं, काही बोलली का? मी हो म्हणालो.